ल्यूएलाबाईंची मान

ल्यूएला कुस्टरच्या मानेवरून गावात नेहमीच थट्टा चालायची. एक डोळा कुठे, दुसरा कुठे, आणि मान सारखी फिरती. चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाही बाई एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग वर बघणार. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली आणि सुटीच्या दिवशी आमच्या टॅलमनच्या धावपट्टीवर लोकांना विमान चालवायला शिकवलं. मीही तिच्याकडेच शिकलो. पहिल्याच दिवशी तिने विमानातल्या पुढच्या सगळ्या तबकड्या-काट्यांवर पॅनकेकच्या पिठाची रिकामी पिशवी टाकली आणि म्हणाली, "वॉल्ट, यात बघण्यासारखं काही नाही. बाहेर बघ. मरण बाहेरून येतं."

आमच्या विमानतळाला मनोरा नाही. कोण आधी उतरणार हे ठरवणारा साहेबही नाही. ज्याने त्याने रेडिओवर गावाचं नाव घेऊन आपण कुठे आहोत ते सांगायचं, धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारायची, आणि डोळे उघडे ठेवायचे. नेब्रास्कातल्या अर्ध्या गावांत असंच चालतं आणि बरं चालतं. फक्त जून महिन्यातल्या पॅनकेकच्या रविवारी चाळीस-पन्नास विमानं एकाच तासात टॅलमनवर येतात. सगळ्यांना गरम पॅनकेक हवे असतात.

दर वर्षी त्या रविवारी ल्यूएला धावपट्टीच्या कडेला ट्रकच्या मागच्या फळीवर उभी राहायची. गळ्यात दुर्बीण, हातात रेडिओ. कुणाला हुकूम द्यायचा तिला अधिकार नव्हता, आणि ती देतही नव्हती. "पिवळ्या, तुझ्यापुढे एक निळा आहे बरं का," एवढंच सांगायची. सव्वीस वर्षं. ती तिथे उभी राहू लागली त्याच्या आदल्या वर्षी तिची शिष्या जॅनेल, वय एकोणीस, याच धावपट्टीच्या टोकाशी उतरताना वरून आलेल्या दुसऱ्या विमानाखाली सापडून गेली होती. ल्यूएला कुंपणाजवळ उभी राहून ते बघत होती आणि तिच्या हातात काही नव्हतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या विमानतळ समितीलाही ठाऊक होतं.

तरीही यंदा मार्चमध्ये आम्ही तिच्या हातातला रेडिओ काढून घेतला. विम्याच्या माणसाने अध्यक्ष डेल विटमरला सांगितलं होतं की जमिनीवरून कुणी बोललं आणि अपघात झाला, तर जबाबदारी समितीवर येते. म्हणजे तोंड उघडलं तर गुन्हा, आणि माणसं मरताना गप्प बसलं तर आपण स्वच्छ! हा कुठला न्याय? पण मी तेव्हा हे विचारलं नाही. समितीचा चिटणीस म्हणून मी मुकाट्याने हात वर केला, हे आधीच कबूल करतो. समितीतले, लिंकन शहराचे दाताचे डॉक्टर ब्रेंट हॅलोरन तर म्हणाले, "आता प्रत्येक विमान आपल्या विमानातल्या स्क्रीनवर दिसतं. ल्यूएलाबाईंनी आता आरामात बसून पॅनकेक खावेत."

प्रत्येक विमान म्हणे! एमिल झाबकाचं विमान सत्तर वर्षांपूर्वीचं. त्यात वीजच नाही, मग रेडिओ कुठला आणि स्क्रीनवर दिसणं कुठलं? एमिल एक्याऐंशीचा, आमच्याच समितीतला. बायको गेल्यापासून त्याला तेवढं एकच सुख उरलेलं. दर पॅनकेकच्या रविवारी तो मांडीवर कोलाचेचा, म्हणजे गोड पावांचा, डबा घेऊन, रमतगमत, शेतांवरून येतो.

यंदाच्या पॅनकेकच्या रविवारी मी तव्यापाशी होतो. विमानं ठेवायच्या हँगरच्या भिंतीवरच्या कर्ण्यातून वैमानिकांचं बोलणं ऐकू येत होतं. तेवढ्यात हॅलोरन बोलले, "टॅलमन, मी सरळ येतोय, आठ मैलांवर. मला रस्ता मोकळा दिसतोय." सगळे फेरी मारून येत होते, आणि या महाशयांना फेरीला वेळ नव्हता!

दोन-तीन मिनिटांनी माझ्याजवळ उभ्या असलेल्या ल्यूएलाने दुर्बीण लावली आणि तिची मान एका जागी थांबली. ती थांबलेली मी आयुष्यात प्रथमच पाहिली.

"वॉल्ट, एमिल धावपट्टीकडे वळलाय," ती म्हणाली. "डॉक्टर त्याच्या डोक्यावर उतरतोय."

हॅलोरनचं विमान नवं, पंख पायाखाली, त्यामुळे त्यांना खालचं दिसत नव्हतं. एमिलचे पंख डोक्यावर, म्हणून त्याला वरचं दिसत नव्हतं. दोघंही एकाच धावपट्टीकडे सरळ रेषेत खाली येत होते. जॅनेल अशीच गेली होती.

ल्यूएला धावली. सत्तरीची बाई, एक गुडघा बदललेला. वीस पावलांवर माझं विमान उभं होतं. तिने दार ओढलं, वीज चालू केली, रेडिओ हातात घेतला. पुढच्या क्षणी भिंतीवरच्या कर्ण्यातून तिचा आवाज फुटला, "ब्रेंट, वर घे! उजवीकडे वळ! आत्ता!"

डॉक्टरही तिचाच शिष्य. मेंदूने विचारायच्या आत हाताने ऐकलं. विमान झटक्यात वर गेलं आणि उजवीकडे वळलं. त्याच्या खालून एमिल निवांत आला, उतरला, आणि त्याने आम्हाला हात केला. माझ्या तव्यावरचे सहा पॅनकेक जळून कोळसा झाले होते.

"काय रे, सगळ्यांची तोंडं अशी का?" एमिलने विचारलं. "गिधाडं फार झालीत यंदा. उतरताना एकाची सावली अंगावर पडली."

ल्यूएलाने माझं मनगट धरलं. "त्याला सांगू नकोस," ती कुजबुजली. "उडणं सोडेल तो. मग काय उरेल त्याच्यापाशी?"

तेवढ्यात हॅलोरन उतरून तरातरा आले. मला वाटलं, तिचे पाय धरतील. कसले धरतात!

"तुम्हाला बोलायला मनाई आहे ना? स्क्रीन रिकामा होता माझा!"

"स्क्रीन रिकामा होता रे," ती म्हणाली. "आकाश नव्हतं. पिशवी टाकायला हवी तुझ्या स्क्रीनवर."

मंगळवारी संध्याकाळी समिती बसली. हॅलोरनची लेखी तक्रार आली होती. डेलने मला सांगितलं, "लिही, कार्यक्रम कोणत्याही घटनेविना पार पडला. सत्ताविसावं वर्ष. मग बाईंची गरजच काय, हे यावरूनच दिसतं." पुढचा ठराव असा होता की ल्यूएला कुस्टर यांना पॅनकेकच्या रविवारी विमानतळाच्या आवारात येऊ देऊ नये.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घटना झाली नाही, कारण बाई तिथे होती. आणि घटना झाली नाही, म्हणून बाई नको!

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करा," डेल म्हणाला.

डेलचा हात वर गेला. हॅलोरनचा गेला. आणि एमिलचाही गेला. "उगाच आरडाओरडा कशाला?" तो सौम्यपणे म्हणाला. "माझं तर आजवर कधी काही बिघडलं नाही."

ल्यूएला मागच्या खुर्चीवर बसली होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नको. मार्चमध्ये मी गप्प बसलो होतो. आता ती स्वतः गप्प बस म्हणत होती, तरी मला बसवेना.

"एमिल," मी म्हणालो, "ती सावली गिधाडाची नव्हती. डॉक्टरांच्या विमानाची होती. ल्यूएला ओरडली म्हणून तू आज इथे बसलायस."

एमिलने हॅलोरनकडे पाहिलं. हॅलोरन टेबलाकडे बघत राहिले. एमिलचा हात सावकाश खाली आला.

"किती अंतर होतं?" त्याने विचारलं.

"या छताएवढं."

एमिलने मान वर केली. मग डेलने केली, मग सगळ्यांनी. सव्वीस वर्षं बाई आम्हाला जे सांगत होती, ते त्या खोलीत प्रथमच सगळ्यांनी केलं. एकटी ल्यूएला वर बघत नव्हती. ती एमिलकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.