ताकावरचा कढीलिंब

आमच्या सोलापूरकडच्या गावात कढीलिंबाला आंबट ताक घालायची रीतच होती. ताक जितकं आंबट, तितकं झाड हिरवंगार. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या, त्या घरच्या कढीलिंबाचं रोप डब्यात घेऊन. यजमान तेव्हा तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर होते आणि आम्ही बेटेगावात दोन खोल्यांत राहत होतो. सासूबाईंनी वळकटी दाराशी ठेवली ती सोडलीच नाही. म्हणाल्या, "हे रोप इथं लागलं तर मी राहीन. नाहीतर मला गाडीत बसवून द्या."

त्या रिकाम्या घरात एकट्या राहायला! माझी आई लहानपणीच गेलेली. मला त्या हव्या होत्या.

यजमानांनी डोंगराकडची तांबडी माती आणून मागच्या अंगणात रोप लावलं. सासूबाई रोज तांब्याभर आंबट ताक ओतायच्या. पानं पिवळी पडायला लागली, तसं ताक दुप्पट झालं. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, जरा दमानं घ्या." तर म्हणे, "तुझ्या जन्माआधीपासून घालतेय मी. मला शिकवू नकोस."

मग मीही हट्टाला पेटले. तीन वाट्यांत तीच तांबडी माती भरून मेथीचे दाणे पेरले. एकीला साधं पाणी, दुसरीला ताक, तिसरीला चिंचेचं पाणी. साध्या पाण्याची मेथी तरारून वर आली. ताकाची जेमतेम डोकावली आणि माना टाकून पडली. चिंचेच्या वाटीत काही उगवलंच नाही. वाट्या नेऊन त्यांच्यासमोर ठेवल्या. "मेथी काय, लाडावलेली जात!" म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. अशी चीड आली होती म्हणून सांगू!

शिरगावची एक पानवाली मावशी सासूबाईंसाठी विड्याची पानं आणि चुना घेऊन यायची. तिनं झाड पाहिलं.

"आजी, ताक नका ओतू. ही माती आधीच आंबट हाय. या चुन्याची निवळी घाला थोडी थोडी. आमी वाडीत घालतो."

"कसला असतो गं हा चुना?"

"शिंपल्या भाजून करतो, आजी."

सासूबाईंच्या तोंडात विडा होता. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा चालत नसे. त्या तशाच उठल्या, विडा थुंकला, खळखळून चुळा भरल्या. मावशी बिचारी ओशाळून पाटी उचलून निघाली. संपलं, मला वाटलं, आता उद्याच गाडी.

जेवणानंतर सासऱ्यांना विडा लावून द्यायचा आणि मग आपण खायचा, एवढी एकच चैन त्यांनी जन्मभर केली होती. संध्याकाळी त्या चुन्याची डबी मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. मग सगळा चुना बादलीत कालवला आणि निवळल्यावर वरचं पाणी झाडाला घातलं.

"मला नको," म्हणाल्या, "पण झाडाच्या गळ्यात कुठं माळ आहे?"

ताक बंद झालं. विडाही बंद झाला, तो कायमचा. काही आठवड्यांनी शेंड्याला कोवळी, तांबूस फूट दिसली. त्यांनीही पाहिली असणार, पण बाई बोलेल तर शपथ!

त्या दुपारी भांडी घासून आत आले, तर दाराशी वळकटी नव्हती. धावत मागच्या अंगणात गेले. त्यांची गोधडी दोरीवर पडली होती आणि त्या तिला काठीनं झोडपत होत्या.

"उभी काय राहिलीस? धर ते टोक. बांधून बांधून कुबट वास मारतोय नुसता."

मी टोक धरलं आणि तिथंच रडायला लागले.