बाळंतिणीच्या ताटातले पपनस

पोटभर जेवणारी बाई अन्नावाचून खंगू शकते, हे तुम्हाला खरे वाटेल काय?

मलाही वाटले नव्हते. ठाण्याचे डॉक्टर आगगाडीने आमच्या कल्याणच्या घरी आले, त्या दिवशी मला ते कळले. परपुरुषाने बाळंतिणीला पाहायचे नाही, म्हणून डॉक्टर दाराबाहेर, मी आत आणि मध्ये सासूबाई. डॉक्टरांनी त्यांना विचारायचे, त्यांनी मला.

"हिरड्यांतून रक्त येते का?"

"येतंच हो बाळंतपणात थोडंफार," सासूबाईंनी मला न विचारताच सांगून टाकले.

"थोडंफार नाही!" मी आतून ओरडले. "उशी भिजते. पायांवर काळेनिळे डाग आहेत. उभं राहवत नाही."

"चला, रोग्याला तोंड आहे तर!" डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी रोगाचे नाव सांगितले, स्कर्व्ही. ताजी फळे आणि भाजी पोटात न गेल्याने हा रोग होतो. हिरड्या सुजतात, दात हलतात, जरा धक्का लागला की कातडीखाली रक्त साकळते.

सातव्या महिन्यात मला ताप आला, तेव्हापासून माझे पथ्य सुरू होते. मऊ भात, तूप, मिरे, सुंठ. बाळंत झाल्यावरही तेच, वर डिंकाचे लाडू. भाजी वातूळ, फळ थंड आणि आंबट म्हणजे तर विष. खिडकीला गोणपाट, खाटेखाली शेगडी. वडिलांनी आणलेल्या सुधारणेच्या चोपड्या वाचून मी वाढले. पण या खोलीत मला ते गोणपाटसुद्धा बाजूला सारता येत नव्हते. माझे दूध आटत चालले होते. बाळ ओढून ओढून थके आणि रडे. त्या धुरात आम्ही दोघे संपणार, असेच मला वाटू लागले होते.

"रोज ताजे पपनस द्या. ते नसेल तर लिंबू," डॉक्टर सांगून गेले.

यजमानांनी खाडीकाठच्या वाडीतून पपनसे आणली. सासूबाईंनी ती सोलली आणि त्यांचा थंडपणा जावा म्हणून पितळेच्या पातेल्यात मिरे घालून त्यांचा आटवून काढा केला. तो कडू काढा मी निमूटपणे प्यायले. डाग मात्र वाढतच गेले.

डॉक्टर पुन्हा आले. "शिजवलेत? मग त्यातला गुणच गेला. कच्चे द्यायचे."

"पोर अंगावर पितंय," सासूबाई म्हणाल्या. "त्याला खोकला झाला तर? तुम्ही येणार आहात ठाण्याहून?" मग त्या उंबऱ्यावर टेकल्या. "माझी दोन गेली खोकल्यानं. दोन्ही वेळेला मी चोरून चिंच खाल्ली होती."

हे त्यांनी यापूर्वी घरात कोणालाच सांगितले नव्हते.

"बाई, ती चिंचेने गेली नाहीत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तुमच्याकडून काही चुकले नव्हते. आणि बोलावलेत तर मी येईन."

सासूबाई उंबऱ्यावरून उठल्या. मग परात घेऊन त्या माझ्या खाटेशी आल्या. आम्ही दोघींनी मिळून पपनसाची जाड साल काढली, फोडींवरचा पांढरा पापुद्रा सोलला आणि गुलाबी गर मोकळा केला. त्यात शहाळ्याची मऊ मलई, मीठ, कोथिंबीर घातली आणि वरून लिंबू पिळले. चूल पेटवलीच नाही. पहिला घास हिरड्यांना इतका झोंबला की माझ्या डोळ्यांत पाणी आले. तरी मी वाटी पुसून खाल्ली.

त्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन सासूबाई त्याचा श्वास ऐकत बसल्या. "झोपलाय मेला, घोरतोय," शेवटी त्या म्हणाल्या आणि उरलेले पपनस सोलू लागल्या.

काही दिवसांत रक्त थांबले. डाग पिवळे पडून विरले. दूध पुन्हा येऊ लागले.

माझ्या चोपड्यांनी अशा बायकांना अडाणी म्हटले होते. त्या कशाला भितात, हे कोणी विचारले नव्हते, मीसुद्धा नाही. रूढीवरचा माझा राग आजही तसाच आहे, पण सासूबाईंवर मात्र तो उरला नाही.

वाचणाऱ्या माझ्या बहिणींनो आणि भावांनो, तुमच्या आळीत कोणी बाळंतीण असेल तर आजच एक पपनस घेऊन तिच्या घरी जा. ते नुसते देऊन परत फिरू नका. घरच्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसा, तिचे कोण गेले ते विचारा आणि ती बोलून थांबली, की तिच्यासमोर ते फळ सोला.