सावरीपासून दोनशे मीटर

अलाहुएलाच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशीच्या टेबलाशी शिनिया केसादा सव्वीस वर्षं बसली. पुस्तकं काढून देणारे छप्पन मिळतात हो. शिनिया माणसाची अडचण शोधून काढायची. ग्रंथपालाच्या शिक्षणात तिला एक सिद्धांत शिकवला होता: माणूस हवं ते मागत नाही, इथं मिळेलसं वाटतं ते मागतो. बाकीच्यांनी तो परीक्षेपुरता घोकला. हिनं जन्मभर वापरला. "कशाला हवंय?" असं ती चुकूनही विचारायची नाही, त्यानं माणूस बिचकतो. ती विचारायची, "अडलं कुठं?"

एका डिसेंबरात लांबच्या उपालाहून बेलार्मिनो नावाचे म्हातारे आले, घामाघूम.

"गावातल्या जुन्या झाडांचं पुस्तक आहे?"

पुस्तक होतं. देऊन मोकळं होता आलं असतं. पण म्हाताऱ्याचे बूट धुळीनं माखलेले, हातात चुरगळलेलं पाकीट.

"बसा काका, पाणी प्या. अडलं कुठं?"

म्हाताऱ्यानं पाकीट पुढं केलं. "बहीण फार आजारी आहे. चाळीस वर्षं बोललो नाही तिच्याशी, माझाच हेका. दर नाताळाला तिचं पत्र यायचं, मी एकालाही उत्तर दिलं नाही. हा तिचा पत्ता: सावरीपासून दोनशे मीटर दक्षिणेला, निळं फाटक. सकाळपासून पाय तुटेस्तोवर फिरतोय, सावरच दिसेना."

"कुणाला विचारलंत का?"

"लाज वाटली, बाई. या वयात सख्ख्या बहिणीचं घर विचारायचं?"

सावर कधीच तोडली होती, शिनिया गावात येण्याआधीच. आमच्याकडे झाड जातं, पत्ता राहतो! पुस्तकात सावरीची उंची होती, जागा नव्हती. शिनिया पेपर वाचणाऱ्या दोन म्हाताऱ्यांकडे वळली.

"सावर कुठं होती हो?"

"औषधाच्या दुकानापाशी."

"गप रे! काल काय जेवलास ते आठवत नाही तुला. बेकरीच्या दारात होती, माझी सायकल आपटली होती तिच्यावर."

सायकलीपुढं पहिल्याचं काही चालेना. शिनियानं टेबलावर 'आलेच' अशी पाटी ठेवली आणि काकांचा हात धरून निघाली.

फाटक निळंच होतं, रंग अगदी ताजा. काठी टेकत बहीण, ओदिलिया, बाहेर आली.

"ताई, ती सावर तर केव्हाच तोडलीय म्हणे," बेलार्मिनो रडतच ओरडले. "मग पत्त्यात कशाला लिहीत होतीस?"

"तू शेवटचा आलास तेव्हा होती ना रे, बेलो. तुला दुसरी खूण कुठं ठाऊक होती?"