मेधाचं ‘मग?’

आमचं शेवटचं बोलणं ठाण्याच्या हॉस्पिटलात झालं. मेधा, माझी बायको, उशीला टेकून पडली होती. मी म्हटलं, “घरी गेलो की आमटी मी करणार.” ती म्हणाली, “मग?” “मग गॅलरीत बसू.” “मग?” मला पुढचं सुचेपर्यंत तिचा डोळा लागला… तो उघडलाच नाही. भेटायला येणारे म्हणतात, शांतपणे गेली. गेली असेल. मी अजून त्या प्रश्नापाशीच अडकलोय आणि मला ते सहन होत नाही.

तिचं कामच मुळी हा प्रश्न विचारायचं. कंपन्यांतली माणसं जी कामं वर्षानुवर्षं डोक्यात घेऊन फिरतात, ती त्यांच्याकडून वदवून घ्यायची, एकेक पायरी सुटी करायची, आणि मग तिच्या टीममधली मुलं त्याची, कॉम्प्युटरवर एकेक सूचना देणारी, सॉफ्टवेअर सेवा बांधायची. “एकदा नीट बांधली की कुठंही जोडता येते रे,” असं डोंबिवलीच्या घरी जेवताना मला समजावायची. मी भूगोलाचा मास्तर. मान डोलवायचो आणि भात वाढून घ्यायचो.

शीळफाट्याजवळच्या एका औषधांच्या कोल्ड स्टोरेजमधले सुपरवायझर म्हात्रे निवृत्तीला आले, तेव्हा मेधा त्यांच्यासमोर जाऊन बसली. कूलिंग बंद पडलं, मग? “मंग इन्सुलिन आधी हलवायचं.” मग? “मंग दुसऱ्या गोडाऊनला फोन.” मग? शेवटी म्हात्रे वैतागले, “मंग काय नाय ताई, घरी जायाचं नि गप जेवायचं!” ही गोष्ट सांगताना तिला हसू आवरायचं नाही.

तर झालं असं, की म्हात्र्यांची उत्तरं टाइप करताना प्रत्येक पायरीखाली तिनं स्वतःपुरतं ‘मग?’ लिहून ठेवलेलं. मुलांनी ते जसंच्या तसं सेवेत चढवलं. प्रत्येक सूचनेखाली ‘मग?’ आणि त्याखाली ‘पुढे’चं बटण. मेधा भडकली, “काढा ते! लाज काढलीत माझी.” पण तोवर तीच सेवा भिवंडी-कल्याणच्या गोदामांतही जोडली गेली होती आणि तिथलं कुणी ते काढू देईना. म्हात्रे म्हणाले, “राहू द्या ताई. कोन तरी विचारतंय, बरं वाटतं.”

मला आता कुणी विचारत नाही. शाळेतून येतो, चपला काढता काढता सुरू करतो, “आज आठवीच्या पोरांनी…” आणि तिथंच थांबतो. सगळ्या जगाच्या डोक्यातलं काढून ठेवलंस, मी पुढं काय करायचं तेवढं कुणाला सांगून गेलीस? राग येतो तिचा. खरंच येतो.

गेल्या आठवड्यात राहवेना, म्हणून म्हात्र्यांना फोन करून शीळफाट्याला गेलो. निवृत्तीनंतरही ते तिथं चक्कर मारतात. त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि ती सेवा उघडून दिली. मी ‘पुढे’ दाबत गेलो. इन्सुलिन हलवलं. मग? दुसऱ्या गोदामाला फोन केला. मग? मी हळू आवाजात उत्तरं द्यायला लागलो. शेजारच्या टेबलावरची मुलगी उठून बाहेर गेली.

शेवटच्या पडद्यावर आलं, ‘सगळी औषधं सुरक्षित. काम संपलं.’ खाली नेहमीसारखं ‘मग?’

“संपलं साहेब,” म्हात्रे म्हणाले, “चला, चहा घेऊ.”

मी उठलो नाही. मेधा विचारत होती, आणि खाली ‘पुढे’चं बटण नव्हतं.