फाटका कान

माझं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थानं सांगितलं होतं, घरात वीस-पंचवीस जनावरं आहेत, दूधदुभत्याला तोटा नाही. आमचे वडील भोळे. जनावरं कोणाची आहेत, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. दिवाळी झाली आणि मला कळलं. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं ऊसतोडीला निघाली, बैल गाडीला जुंपले, आणि मागं राहणाऱ्या गायी, लंगडी वासरं आमच्या दारात बांधून गेली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, प्रत्येकाला म्हणायचे, "जा निवांत." निवांत जायचे ते. शेण काढायला मी होते.

चाळीस वर्षं ही समाजसेवा चाललीय, कोणाकडून काही न घेता. नियम एकच. गुढीपाडव्याच्या सुमारास माणूस परतला की ज्याचं दावं त्याच्या हातात. मामंजींना हे सांगायची भारी हौस. पाहुणा चहा पिऊन उठेपर्यंत दोनदा ऐकून जायचा.

मागच्या हिवाळ्यात ही सेवा एका पुढाऱ्याच्या ध्यानात आली. निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांना लांबचं फार स्वच्छ दिसतं. आमच्याच अंगणात मांडव पडला. फ्लेक्सवर पुढारी मोठा, मामंजी लहान आणि गाय अर्धी. शाल झाली, नारळ झाला. पुढारी गोमातेवर अगदी गहिवरून बोलले, पण शेजारच्या गायीनं शेपटी उचलली तशी खुर्ची मागं सरकवत गेले. जेवणावळी उठल्या, गाड्या धुरळा उडवत गेल्या, आणि उरलेला भात आचाऱ्यांनी गोठ्यामागं ओतला. जनावरांना प्रसाद, म्हणे.

एक तांबडी गाय दावं तोडून त्या भातावर गेली. युसूफ वडगाव या गावाकडच्या एका बाईची ती गाय. नवऱ्यामागं दोन लेकरं घेऊन कोयता धरणारी बाई, आणि तिच्याकडं जनावर म्हणून एवढं एकच, तेही गाभण. गायीचं पोट टम्म फुगलं. डॉक्टर आले, सुया झाल्या, मामंजी तिचं पोट चोळत बसले. तिसऱ्या दिवशी गाय गेली. पुरताना मामंजींनी सत्काराची शाल तिच्या अंगावर घातली. त्या शालीचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

आता पुढची गंमत ऐका. पहिल्या बाळंतपणाला माझ्या माहेरानं दिलेली गायही तशीच तांबडी, आणि नेमकी गाभण. एका सकाळी मामंजी तिच्यापुढं उभे, आणि माझ्याकडं काही केल्या बघेनात. मी काय ते ओळखलं, बाईच्या गायीच्या जागी हिला द्यायची. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सत्कार तुमचा आणि गाय माझी होय? खरं सांगून मोकळे व्हा की. का एका गायीपायी चाळीस वर्षांचा बडेजाव जाईल म्हणून भ्यायलात?

मामंजी तिथंच गव्हाणीवर बसले.

"सांगितलं तर ती दुसरी गाय घील का? म्हनंल, माज्या नशिबात न्हवती, आन् रिकाम्या हातानं जाईल. दोन लेकरांचं दूध त्या गायीवर हाय, सूनबाई."

मी खूप रडले आणि मग कबूल झाले. तरी म्हटलं, तिच्या गायीचा डावा कान फाटका होता, हिचा धड आहे. तर म्हणाले, कान कोण बघतंय. जन्म गुरांत घातलेला माणूस हे बोलला, धन्य!

पाडव्यानंतर बाई आली. गाय मीच सोडून आणली. बाईनं नेहमीची हाक मारली, तर गाय माझ्याकडं बघत उभी. बाई जवळ गेली. मानेवरनं हात फिरवत वर नेला आणि डावा कान बोटांत धरला. बराच वेळ तिनं तो सोडला नाही. मामंजी उन्हाळ्याच्या कोऱ्या आभाळात ढग शोधायला लागले. बाईनं गोठ्याच्या टोकाचा, तिच्या गायीचा रिकामा खुंटा बघितला, डोळ्याला पदर लावला.

मग म्हणाली, "आबा, तुमच्या गोठ्यात फाटका कानबी सांधून येतो. लई गुण हाय तुमच्या हाताला."

त्या दिवशी मामंजींनी आपला नियम कोणाला सांगितला नाही. दावं तिच्या हातात द्यायलाही त्यांच्यानं उठवेना, म्हणून ते मीच दिलं.

या दिवाळीला बाई गाय सोडायला आली. गाय अंगणात शिरली आणि दाव्याला हिसका देऊन सरळ माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, आपल्या जुन्या जागी जाऊन उभी राहिली. मामंजी पुढं झाले होते, पण बाईनं दावं माझ्या हातात दिलं.

"वैनी, सहा म्हैने तुमची, सहा म्हैने माजी," ती म्हणाली.

आणि लग्न झाल्यापासून या गोठ्याला शिव्या घालत आलेली मी, मीच म्हटलं, "जा निवांत."