पायाळू मायाची लाथ

माया पायाळू. म्हंजे आईच्या पोटातनं तिचे आधी पायच भाईर आले. गुंजवण्यात कुनाच्या बी पाठीत उसण भरली की तो मायाच्या दारात येऊन पालथा पडनार. पायाळूची लाथ लागली की उसण निघती, हे गावात लहान पोरालाबी ठावं. लाथ कसली, माया नुसता अंगठा टेकवायची.

तिचा धाकला भाऊ प्रेम कापूरहोळला पंक्चरच्या दुकानात कामाला. त्याची पाठ लई दिस ठणकत व्हती, अंगबी उतरलं व्हतं. आला आन पडला पालथा.

"आक्के, जोरात हान. लोकांना देतीस तसली गुदगुली नगं."

तिनं हानली. दोघं हसली.

मग दुकानात त्याच्या पायावर जॅक पडला. बोट फुटलं, रगत आलं, ह्याला पत्ताच न्हाई. थोड्याच दिसांत कमरेखालचं समदं बधिर.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, "कुठून पडला होता? अपघात झाला? मार लागला?"

आई, सगुणाबाई, म्हनाली, "हिनं लाथ घातली."

माया भिंतीकडं बघत ऱ्हायली.

तपासन्या झाल्या. डॉक्टर म्हनाले, "मणक्याचा टीबी आहे. हाड आधीपासूनच पोखरलंय, पू साठून आतली नस दाबली गेलीय. पडूनच पाय जातात असं नाही. टीबीनं जातात, गाठीनंही जातात. लाथेनं हे झालेलं नाही. पण असल्या पाठीवर पाय देऊ नये."

आईनं शेवटचं तेवढंच धरलं. ऑपरेशन झालं, प्रेमला घरी आनला, आन मायाला म्हायेराची पायरी बंद. ती दोन गल्ल्या सोडून नांदत व्हती. रोज अंगनात येऊन हुबी ऱ्हायची. आई बघायची न्हाई.

एक दिस आई प्रेमला कुशीवर करायला लागली. पाठीला जखम व्हाया लागलेली. वळंना.

"आये," प्रेम म्हनाला, "मला लाथेच्या लई आदी, भातलावनीपासनं ताप यायचा. रोज सांजचा. गोळी खायचो, तुला सांगितलं न्हाई. आता मलाबी पायरी बंद कर."

"मुडद्या," आई म्हनाली. मग अंगनाकडं न बघताच वरडली, "हुबी काय ऱ्हातीस? ये, धर त्याचे पाय. मला एकटीला वळवत न्हाई."

माया आत गेली. पाय गार व्हते.

"आक्के, धरलेस का?"

"धरलेत."