बुरशीबाईंचं पेटंट

विद्यापीठात सगळे त्यांना बुरशीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. नवरा म्हणायचा, "पावाला बुरशी आली की हिला माहेरचं माणूस आल्यासारखं होतं."

कापड रंगवण्याच्या कारखान्यामागच्या नाल्यातून त्यांनी एकदा बाटलीभर चिखल आणला. त्यात एक करडी बुरशी सापडली. रंगाच्या पाण्यात टाकली, तर तीन दिवसांत पाणी नितळ! बाई हरखून गेल्या. ही रंग नेमका पचवते कसा, या एका प्रश्नाने त्यांना झपाटलं. पहिला शोधनिबंध लिहून झाला, तोच विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं.

"एवढ्यात छापू नका. छापलंत की पेटंट हातचं गेलं म्हणून समजा."

"किती थांबायचं?"

"काही महिने हो!"

त्या महिन्यांची चार वर्षं झाली. पेटंट मिळालं, बाईंचा फोटो विद्यापीठाच्या वार्तापत्रात आला. मग एका रसायन कंपनीने विद्यापीठाकडून सगळे हक्क विकत घेतले. करारावर बाईंनी विश्वासाने सही ठोकली. कंपनी स्वतःच पाणी स्वच्छ करायची पावडर विकत होती. तिला बुरशी वापरायची नव्हती, दुसऱ्या कुणाला वापरू द्यायची नव्हती, एवढंच. कंपनीचा माणूस येऊन बुरशीच्या सगळ्या नळ्या घेऊन गेला.

बाई विद्यापीठाच्या पेटंट कक्षात गेल्या. तिथला अधिकारी फार अदबीने बोलला, "संशोधन करा की, तुम्हाला कोण अडवतंय? फक्त ती बुरशी सोडून करा. आणि तिच्याबद्दल छापू नका, करारात तसं कलम आहे."

परवानगीसाठी कंपनीला त्यांनी पत्रांमागून पत्रं पाठवली. दरवेळी दोन ओळींचा नकार. निबंध नाहीत म्हणून बढती अडली. हाताखाली पीएच.डी. करणारी शेवटची मुलगी रडवेली होऊन आली, तेव्हा बाईंनीच तिला दुसऱ्या मार्गदर्शकाकडे धाडलं. "इथे राहून तुझं काही छापून यायचं नाही," त्या म्हणाल्या.

पुढे एका सकाळी त्यांना परक्या देशातल्या कुणाचा तरी निबंध दिसला. तशीच बुरशी, तोच प्रश्न, आणि उत्तर बाईंच्या वहीत होतं अगदी तेच. शेवटची संदर्भांची यादी त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचली. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. कसं असणार? त्यांनी छापलंच काय होतं?

जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

"म्हणजे तुझं बरोबर निघालं की!" तो उत्साहाने म्हणाला.

"हो, निघालं," बाई म्हणाल्या, आणि ताट तसंच सरकवून उठल्या.

निवृत्तीला तीन वर्षं होती. विभागप्रमुख म्हणाले, "एखादा नवा विषय घ्या."

"घेते," त्या म्हणाल्या. घेतला नाही. पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं तेवढी त्या नेमाने घेत राहिल्या.